गोंदण आणि डाग : छायाचित्र-दुरुस्तीचा इतिहास आणि नवशिक्याची निवड

२०१३ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रम या आमच्या गावी तेव्हा माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान होते. शेजारच्या खेड्यातल्या साठीच्या एक बाई आपल्या आईचा फोटो घेऊन आल्या. ६ बाय ९ सेंटिमीटरचा कृष्णधवल फोटो. चार ठिकाणी घड्या पडलेल्या, एक कोपरा कसरीने खाल्लेला, चेहऱ्यावर आणि लुगड्यावर बारीक ठिपके. आईच्या वर्षश्राद्धाला मोठा करून लावायचा होता. घरात तिचा दुसरा फोटो नव्हता.

मी संगणकावर फोटो दुरुस्त करायला नुकताच शिकत होतो. फोटो स्कॅन केला, मूळ प्रत लगेच बाईंना परत दिली आणि दोन रात्री जागून काम केले. घड्या काढल्या, कोपरा भरला, चेहरा स्वच्छ केला. फ्रेम करून बाईंच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "दादा, फोटो लय चांगला केला तुम्ही. पण हे माही माय नाही."

मला काही समजेना. मग त्यांनीच विचारले, "तिचं गोंदण कुठं गेलं?"

कपाळावरचे आणि हनुवटीवरचे ठिपके मी डाग समजून पुसले होते. सॉफ्टवेअरमध्ये डाग घालवण्याचे साधन होते. त्याने एका टिचकीसरशी आजूबाजूची त्वचा आणून त्या जागी बसवली आणि मला कौतुक वाटले. जुनी फाइल काढून पाहावी म्हटले, तर दुरुस्ती मी त्याच फाइलवर साठवलेली. मूळ फोटो तरी पुन्हा आणा, असे मी बाईंना म्हणालो. घराचे पत्रे बदलताना ट्रंक अंगणात राहिली होती आणि वळवाच्या पावसात फोटोचा लगदा झाला होता.

ते सॉफ्टवेअर कोणते, हे सांगून उपयोग नाही. दोष त्याचा नव्हता, हात माझा होता. पण त्या दिवसापासून मी या कामाच्या मागे लागलो. ज्यांना पुस्तके मिळाली ती वाचली, जुन्या स्टुडिओवाल्यांना गाठून बोलते केले, घरोघरचे अल्बम पाहिले. आज गावातली मुले मला विचारतात, "काका, फोटो एडिटिंग शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येते, पण मी तसे देत नाही. आधी हा इतिहास सांगतो. फोटोतला डाग कोणता आणि खूण कोणती, हे आजवर कोणी आणि कसे ठरवले, ते कळल्यावर सॉफ्टवेअर निवडणे सोपे जाते.

काचेने पुसलेले गोंदण

छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि वर्षभरात ती हिंदुस्थानात पोचली. मुंबईत १८५४ साली 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील अशा संस्था १८५६ च्या, म्हणजे या बाबतीत मुंबई पुढे होती. डॉ. भाऊ दाजी लाड या सोसायटीचे सदस्य होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढे मुंबईतले व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

त्या काळी काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून, ते ओले असतानाच फोटो घ्यावा लागे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने ही पद्धत प्रसिद्ध केली होती. या काचेची एक खोड होती. तिला निळा आणि जांभळा प्रकाश चटकन दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे फोटोत निळे आकाश पांढरेफट्ट येई. गोऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरचे तांबूस वांग आणि पुटकुळ्या काळ्या ठिपक्यांसारख्या उमटत. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ माणसांचे चेहरे प्रत्यक्षापेक्षा अधिक काळे येत.

आणि गोंदण? गोंदणाची शाई त्वचेखाली गेली की निळसर-हिरवट दिसते. निळा रंग या काचेला उजळ दिसे आणि त्वचा गडद दिसे. दोन्ही एकमेकांच्या जवळ आले की गोंदण त्वचेत विरून जाई. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या बाबतीत हे ठळकपणे समोर आले आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचे परंपरागत गोंदण एकोणिसाव्या शतकातल्या काचफोटोंत अनेकदा दिसत नाही. मायकेल ब्रॅडली या छायाचित्रकाराने तीच जुनी पद्धत वापरून आजच्या माओरी माणसांचे फोटो काढले आणि शेजारी आधुनिक रंगीत फोटो ठेवले. २०१८ साली 'पुआकी' या नावाने ते प्रदर्शनात मांडले गेले. एका फोटोत चेहराभर गोंदण, तर दुसऱ्यात तोच चेहरा कोरा.

हे वाचले तेव्हा मी चरकलो. म्हणजे गोंदण पुसणारा मी पहिला नव्हतो. सर्व रंग जवळपास डोळ्यांसारखे टिपणाऱ्या 'पँक्रोमॅटिक' काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या आणि पुढे तशाच फिल्म सर्रास झाल्या. बाईंच्या आईचा फोटो त्यानंतरच्या काळातला असल्यामुळेच त्यात गोंदण उमटले होते. फिल्मला जे दिसले, ते मी घालवले.

पेन्सिल, वार्निश आणि चाकू

काचेची ही खोड भरून काढण्यासाठी माणसाचा हात आला. म्युनिकच्या फ्रान्झ हानफ्श्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात निगेटिव्हवर हाताने काम केलेला फोटो, दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या प्रतींसह मांडला, असे छायाचित्रणाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढच्या काही दशकांत 'रिटचिंग' हा स्वतंत्र धंदा झाला. मोठ्या स्टुडिओत फोटो काढणारा वेगळा आणि रिटचर वेगळा असे.

हे काम कसे चाले ते जुन्या लोकांकडून समजून घेतले, तेव्हा मला आजच्या सॉफ्टवेअरचा अर्धा अभ्यास आपोआप झाला. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची सुरकुती किंवा डोळ्यांखालची काळी छाया निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसते. तिथे बारीक टोकाच्या पेन्सिलने शिसे भरले की तेवढा भाग प्रकाश अडवतो आणि कागदावरच्या फोटोत ती सुरकुती उजळते. गुळगुळीत निगेटिव्हवर शिसे धरत नाही, म्हणून आधी एक प्रकारचे वार्निश चोळत. निगेटिव्ह उतरत्या मेजावर ठेवून खालून आरशाने उजेड पाडत आणि भिंगातून पाहत. पेन्सिलने फक्त उजळ करता येई. काही गडद करायचे तर निगेटिव्हवरचा थर धारदार चाकूने खरवडावा लागे आणि हात चुकला की निगेटिव्ह गेली. छापलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहत, ते बारीक ब्रशने शाई लावून बुजवत. त्याला 'स्पॉटिंग' म्हणत.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की पेन्सिलीचे शिसे पुसता येई. वार्निशाचा थर उतरवला की खालची निगेटिव्ह जशीच्या तशी. चाकूने खरवडलेले मात्र परत येत नसे. म्हणून शहाणा रिटचर चाकू शेवटी हातात घेई. दुसरी गोष्ट अशी की हे काम मोठ्या निगेटिव्हवरच शक्य होते. पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर चेहरा हरभऱ्याएवढा. त्यावर पेन्सिल कुठे चालणार? छोटे कॅमेरे आणि मग रंगीत फिल्म आली तसा हा धंदा आटत गेला. खेड्यापाड्यातला फोटो काही काळ दुरुस्तीशिवायच राहिला.

चिकटवलेली माणसे, चढवलेले रंग

दुरुस्ती आणि बदल यांच्यातली रेघ आपल्याकडे फार लवकर ओलांडली गेली. विल्यम जॉन्सन हे मुंबईत सरकारी नोकरीत असलेले गृहस्थ बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी होते. मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे असलेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली लंडनला प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातले लोक आहेत. आपल्या पणज्या-खापरपणज्यांचे कपडे, पागोटी, दागिने पाहायचे तर अभ्यासक आजही या ग्रंथाकडे जातात. पण त्यातली अनेक चित्रे जोडलेली आहेत. माणसांचा फोटो एकीकडे घेतला, त्या आकृती कापल्या आणि दुसऱ्याच जागेच्या दृश्यावर बसवल्या. पाहणाऱ्याला वाटते, ही माणसे त्या देवळापुढे किंवा त्या किनाऱ्यावर खरोखर उभी होती. पागोटे खरे आहे आणि देऊळही खरे आहे; दोघांची भेट तेवढी खोटी.

दुसरे उदाहरण आमच्या गावच्या भिंतीभिंतीवर आहे. हिवरा आश्रमची ओळख शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आहे. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीच्या उत्सवाला इथे लाखोंचा समुदाय जमतो आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून पंगतीत वाढला जातो. हाताची घडी घातलेले, फेट्यातले स्वामीजी आमच्याकडे लहान पोरही ओळखते. हा फोटो १८९३ च्या सर्वधर्म परिषदेच्या सुमारास शिकागोत थॉमस हॅरिसन यांच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोंपैकी आहे. मूळ फोटो कृष्णधवल. त्याच वर्षी शिकागोच्या गोज लिथोग्राफिंग कंपनीने स्वामीजींचे रंगीत भित्तिपत्रक छापले. त्यातला रंग कॅमेऱ्याने टिपलेला नव्हता. तो लिथोच्या कारागिराने चढवला. आज उत्सवात लागणाऱ्या फ्लेक्सवर स्वामीजींच्या वस्त्राच्या भगव्या छटा दरवर्षी वेगळ्या असतात, त्याचे कारण हेच. मूळ फोटोत रंग नाही, म्हणून प्रत्येक कारागीर आपल्या मनातला रंग भरतो. यात खोटेपणा कोणी मानत नाही, कारण कृष्णधवल मूळ जपलेले आहे आणि कोणालाही ते पाहता येते.

छायाचित्र, ठसे आणि रंग ही कामे तेव्हा एकाच माणसाच्या हातात असत. दादासाहेब फाळके यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, गोध्ऱ्यात त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला, रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम केले, स्वतःचा छापखाना काढला आणि मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. फोटो 'काढणे' आणि फोटो 'बनवणे' यांत त्या पिढीने फारकत केली नव्हती. आपण दुरुस्ती करायला बसतो तेव्हा दोन्ही वेगळे ठेवायला शिकावे लागते.

संगणकाचा हात

१९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा सुमारे ५ सेंटिमीटरचा फोटो संगणकात घातला. १७६ आडवे आणि १७६ उभे, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके. आज बाईंच्या आईच्या ६ बाय ९ सेंटिमीटरच्या फोटोला ६०० डीपीआयवर स्कॅन केले, तर साधारण १,४१७ गुणिले २,१२६, म्हणजे तीस लाख ठिपके मिळतात. किर्श यांच्या फोटोच्या जवळपास शंभरपट.

ठिपके आकड्यांत आले की ते बदलणे सोपे. फेब्रुवारी १९८२ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकाने इजिप्तच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसावा म्हणून संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. त्यावर मोठा वाद झाला. तेव्हा फोटोशॉप जन्मालाही आले नव्हते आणि अशी यंत्रे मोठ्या छापखान्यांनाच परवडत.

ती ताकद टेबलावर आणली नोल बंधूंनी. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडीचा विद्यार्थी असताना १९८७ मध्ये त्याने मॅकिंटॉश संगणकावर करड्या छटा दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन चित्रपटांच्या ट्रिकदृश्यांच्या कंपनीत होता. त्याला त्यात धंदा दिसला. अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये ते 'फोटोशॉप' नावाने बाजारात आणले. पुढचा टप्पा आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेअर' आले, म्हणजे फोटोवर पारदर्शक कागद ठेवून त्यावर काम करायचे, खालच्या फोटोला हात लावायचा नाही. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत उजेड आणि रंग यांचे बदलही असेच वरच्या थरावर ठेवता येऊ लागले. १९९८ च्या पाचवीत मागच्या अनेक पायऱ्यांवर परत जाता येऊ लागले. २००२ च्या सातव्या आवृत्तीत आला 'हीलिंग ब्रश'. साधा क्लोन फक्त एका जागेचा तुकडा दुसरीकडे उमटवतो. हीलिंग तो तुकडा आजूबाजूच्या उजेडात आणि रंगात मिसळून टाकतो, सांधा दिसत नाही.

लेअर म्हणजे रिटचरचे वार्निश आणि पेन्सिल; हवे तेव्हा उतरवता येते. मूळ चित्रावरच हीलिंग फिरवून ते साठवणे म्हणजे चाकू. माझ्या हातून चाकू चालला होता.

याच काळात दुसरी वाट निघाली. बर्कलेच्या विद्यापीठातले दोन विद्यार्थी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस, यांनी १९९५ मध्ये 'गिंप' लिहायला घेतले आणि १९९६ च्या आरंभी ते सर्वांना खुले केले. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मुक्तही आहे, म्हणजे त्याची अंतर्गत रचना कोणालाही पाहता-बदलता येते. हीलिंगचे साधन त्यात २००७ च्या आवृत्तीत आले आणि २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून १६ बिटच्या खोल छटांवर काम करता येऊ लागले. मार्च २०२५ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्यात बहुतेक फिल्टरही मूळ चित्राला धक्का न लावता वापरता येतात आणि नंतर बदलता येतात.

आपल्याकडची फोटोशॉपची शाळा

तालुक्याच्या गावात मात्र निवडीचा प्रश्न कधी आलाच नाही. लग्नाचे करिझ्मा अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स, पासपोर्ट फोटो हे सगळे फोटोशॉपवर, त्यातही वर्षानुवर्षे सातव्या आवृत्तीवर. ती जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावर चाले आणि एकाने दुसऱ्याला शिकवलेली असे. परवाना घेऊन वापरणारे थोडे. २०१३ पासून अडोबीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवून महिन्याच्या वर्गणीवर देणे सुरू केले, तेव्हा ही दरी आणखी वाढली.

या शाळेने आपल्याला खूप दिले. शेतात राबणाऱ्या घरातली पोरे त्यावर पोट भरू लागली. पण या शाळेचा पहिला धडा 'चेहरा गुळगुळीत करा, उजळ करा' हा होता, कारण गिऱ्हाइकाला तेच हवे असे. मीही तोच धडा घेऊन त्या फोटोपुढे बसलो होतो. नवरीच्या अल्बमला चालणारी सवय मेलेल्या माणसाच्या एकुलत्या फोटोला चालत नाही.

निवड कशी करावी

आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याला पाच प्रश्न विचारावेत, असे मी सांगतो.

पहिला प्रश्न, मूळ चित्र अबाधित राहते का? लेअर असतील तर रिकामा लेअर घेऊन सगळी दुरुस्ती त्यावर करता येते. गिंपमध्ये क्लोन आणि हीलिंगला 'सॅम्पल मर्ज्ड' हा पर्याय द्यावा लागतो, फोटोशॉपमध्ये 'सॅम्पल ऑल लेअर्स'चा. लाइटरूम आणि डार्कटेबल यांची रीत वेगळी आहे. ती मूळ फाइलला हात लावत नाहीत, केलेल्या बदलांची नोंद वेगळी ठेवतात.

दुसरा, काय केले ते वर्षभराने दिसेल का? मागे जाण्याची यादी फाइल बंद केली की संपते. लेअर मात्र फाइलबरोबर राहतात. म्हणून प्रत्येक कामाला वेगळा लेअर आणि त्याला मराठीत नाव द्यावे : 'घड्या', 'कोपरा', 'धूळ'. 'चेहरा' असे नाव द्यायची वेळ आली की हात थांबवावा आणि घरच्यांना विचारावे.

तिसरा, ही फाइल दहा वर्षांनी कोण उघडेल? पिकासा हे सोपे सॉफ्टवेअर घरोघर होते. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केले. त्यात केलेल्या बदलांची नोंद त्याच्या स्वतःच्या पद्धतीने ठेवलेली असे आणि इतर सॉफ्टवेअरला ती कळत नाही. म्हणून कामाची फाइल सॉफ्टवेअरच्या रूपात ठेवली, तरी मूळ स्कॅन आणि शेवटचे चित्र टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवावे. जेपीईजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला ठीक आहे, पण बदल करून साठवताना तो दरवेळी थोडी माहिती गाळतो.

चौथा, छटा किती? साध्या ८ बिटच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. विटलेल्या फोटोत त्यातल्या थोड्याच वापरात असतात. त्या ताणून पूर्ण उजेड-अंधार आणायला गेले की गालावर पट्टे उमटतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात. आपला फोटो ८ बिटमध्ये सुमारे ९ एमबीचा होतो, १६ बिटमध्ये १८ एमबीचा. जुन्या फोटोसाठी एवढी जागा द्यावी.

पाचवा प्रश्न आपल्या परिस्थितीचा. संगणक कोणता, इंटरनेट किती, पैसे किती आणि अडले तर शिकवणारा जवळ कोण? या शेवटच्या मुद्द्यावर फोटोशॉप पुढे आहे. तालुक्यात कोणत्याही स्टुडिओत जा, दाखवणारा भेटतो.

यावरून माझे उत्तर असे. ज्याला स्टुडिओत किंवा छपाईत नोकरी करायची आहे, त्याने फोटोशॉप शिकावे, कारण धंद्याची भाषा ती आहे. आणि वर्गणी भरून शिकावे. ज्याला घरचे, गावाचे जुने फोटो सांभाळायचे आहेत, त्याने गिंपपासून सुरुवात करावी. मी स्वतः तेच वापरतो. ज्याच्याकडे कॅमेऱ्याचे शेकडो फोटो येतात आणि फक्त उजेड-रंग नीट करायचे आहेत, त्याला डार्कटेबल किंवा लाइटरूम. ज्याच्याकडे फक्त फोन आहे, त्याला स्नॅपसीड पुरेसे आहे, मात्र मूळ फोटोची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी. कोणी फोटोशॉपची फाइल पाठवली आणि आपल्याकडे ते नाही, तर फोटोपी ब्राउझरमध्येच ती उघडते.

एक घ्या आणि सहा महिने दुसऱ्याकडे पाहू नका. नीट स्कॅन करणे, सरळ कापणे, उजेडाची पातळी लावणे, वेगळ्या लेअरवर घडी बुजवणे आणि योग्य रूपात साठवणे, ही पाच कामे हाताला बसली की बाकीचे मागून येते.

अलीकडे आणखी एक साधन आले आहे. २०२३ पासून फोटोशॉपसह अनेक सॉफ्टवेअरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्राचा भाग नव्याने बनवता येतो. फोनवरची अ‍ॅप धूसर चेहरा क्षणात लख्ख करून देतात. गावातली मुले आजोबांचे फोटो तसे करून आणतात आणि ते सुंदर दिसतात. पण धूसर फोटोत जे डोळे नव्हतेच, ते यंत्राने हजारो परक्या चेहऱ्यांवरून रचलेले असतात. करायला माझी हरकत नाही. मूळ जपा आणि नव्याखाली तसे लिहा, एवढेच म्हणतो. गोंदण म्हणजे काय, हे त्या यंत्रालाही सांगावे लागेल.

फोटोच्या पाठीवर

बाईंचा फोटो मी परत घेतला होता. पहिला विचार आला, गोंदण पुन्हा काढून द्यावे. त्यांच्या स्वतःच्या कपाळावरही होते, त्याच्या आधाराने काढता आले असते. पण ठिपके नेमके कुठे, केवढे, किती फिकट, हे आता कोणालाच ठाऊक नव्हते. काढले असते तर ते माझे गोंदण झाले असते.

मी तसे त्यांना सांगितले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग असं लिवून तरी द्या."

फ्रेम उघडली, फोटो उलटा केला. त्या सांगत गेल्या आणि मी पेन्सिलीने लिहीत गेलो. आईचे नाव, माहेरचे गाव. कपाळावर मधोमध चंद्रकोर, तिच्याखाली एक टिंब. हनुवटीवर तीन टिंबे. त्याखाली मी माझ्याकडून लिहिले : 'ही सर्व गोंदणे मूळ फोटोत होती. संगणकावर दुरुस्ती करताना माझ्याकडून पुसली गेली.' खाली तारीख घातली आणि सही केली.

बाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी नातवाला बोलावून ते दोनदा वाचायला लावले, मग फोटो फ्रेममध्ये घातला आणि पदराखाली घेऊन गेल्या.